ऑनलाइन विक्रेत्याचे दायित्व आणि विम्याचे संरक्षण

बंगळुरूच्या कोरमंगला भागात २००७ मध्ये पुस्तके विकणारे एक लहानसे संकेतस्थळ सुरू झाले आणि पुढील काही वर्षांतच 'फ्लिपकार्ट' हे नाव देशभर पोहोचले. जून २०१३ मध्ये अ‍ॅमेझॉनने भारतात आपली ऑनलाइन बाजारपेठ उघडली. २०१५ मध्ये लहान विक्रेत्यांवर भर देणारी 'मीशो' ही कंपनी याच शहरात स्थापन झाली. शासनाच्या पुढाकाराने साकारलेले 'ओएनडीसी' हे डिजिटल व्यापाराचे खुले जाळेही ३० सप्टेंबर २०२२ रोजी सर्वसामान्य ग्राहकांसाठी प्रथम बंगळुरूमध्येच खुले करण्यात आले. त्यानंतर १ ऑक्टोबर २०२३ पासून वस्तू व सेवा कराच्या नोंदणीमर्यादेखालील लहान विक्रेत्यांना आपल्या राज्यापुरता माल ऑनलाइन मंचांवरून विकण्याची मुभा मिळाली. घरगुती साबण बनविणारी गृहिणी, चन्नपट्टणचा खेळणी कारागीर, एस. पी. रोडवरून विजेच्या वस्तू घाऊक घेणारा तरुण अशा अनेकांसाठी या व्यवस्थेने बाजारपेठेचे दार उघडले आहे.

व्यवसायात प्रवेश करणे असे सुलभ झाले असले, तरी विकलेल्या वस्तूमुळे कोणास इजा झाल्यास येणारी जबाबदारी मात्र सुलभ झालेली नाही. नवा विक्रेता नोंदणी, छायाचित्रे, पॅकिंग आणि जाहिरात यांचा हिशेब मांडतो. परंतु आपल्या वस्तूमुळे एखाद्याचा हात भाजला किंवा घरास आग लागली तर नुकसानभरपाई कोण देणार, हा प्रश्न सहसा त्या हिशेबात नसतो. उत्पादन दायित्व विमा नव्या विक्रेत्याने घ्यावा की नाही, याचा विचार या प्रश्नापासूनच सुरू करावा लागतो.

सक्ती आहे काय?

या विम्याची सर्वसाधारण सक्ती करणारा कायदा भारतात नाही. रस्त्यावर वाहन आणायचे तर मोटार वाहन कायद्यानुसार त्रयस्थ पक्षाचा विमा घ्यावाच लागतो. १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेनंतर १९९१ मध्ये सार्वजनिक दायित्व विमा कायदा झाला आणि घातक पदार्थ हाताळणाऱ्यांना विमा अनिवार्य ठरला. साबण, खेळणी, कपडे वा दिवे विकणाऱ्यावर मात्र असे बंधन नाही. त्यामुळे 'कायद्याने विमा हवाच काय?' या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. परंतु विमा ऐच्छिक असला तरी दायित्व ऐच्छिक नाही, ही बाब नव्या उद्योजकाने ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

कायदा काय सांगतो?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ यातील बहुतेक तरतुदी २० जुलै २०२० पासून अमलात आल्या. १९८६ च्या जुन्या कायद्यात नसलेले 'उत्पादन दायित्व' हे स्वतंत्र प्रकरण या कायद्यात कलम ८२ ते ८७ मध्ये अंतर्भूत आहे. सदोष वस्तूमुळे झालेली शारीरिक इजा, आजार, मृत्यू, त्यासोबतचा मानसिक त्रास आणि त्या वस्तूखेरीज अन्य मालमत्तेची हानी यांचा त्यात समावेश होतो. दिवा बंद पडला तर ती वॉरंटीची तक्रार होय; पण दिव्याने पेट घेऊन पडदे आणि पलंग जळाले, तर तो उत्पादन दायित्वाचा विषय होतो.

उत्पादकावरील जबाबदारी अधिक कठोर आहे. वस्तूच्या निर्मितीत वा आराखड्यात दोष असल्यास, ती निर्धारित मानकांपासून ढळल्यास, किंवा योग्य वापराच्या सूचना व धोक्याचा इशारा पुरेसा नसल्यास उत्पादक जबाबदार ठरतो. वस्तूविषयी दिलेल्या स्पष्ट हमीच्या बाबतीत तर आपण निष्काळजीपणा वा फसवणूक केली नाही हे सिद्ध करूनही त्याची सुटका होत नाही.

केवळ विक्री करणाऱ्यास कायद्याने काही अंशी वेगळे लेखले आहे. कलम ८६ नुसार पुढील परिस्थितीत विक्रेता जबाबदार ठरतो: वस्तूचा आराखडा, चाचणी, निर्मिती, वेष्टन वा लेबल यांवर त्याचे लक्षणीय नियंत्रण असल्यास, त्याने वस्तूत केलेला बदल हे हानीचे महत्त्वाचे कारण ठरल्यास, उत्पादकाच्या हमीखेरीज त्याने स्वतःची वेगळी हमी दिली आणि वस्तू तिला उतरली नाही तर, उत्पादक कोण हे ठाऊक नसल्यास अथवा त्याच्यावर नोटीस वा आदेश बजावणे शक्य नसल्यास, आणि जोडणी, तपासणी वा देखभाल यांत वाजवी काळजी न घेतल्याने किंवा उत्पादकाच्या सूचना ग्राहकापर्यंत न पोहोचविल्याने हानी झाल्यास.

विक्रेत्याचे चार प्रकार

या तरतुदींच्या प्रकाशात नव्या ऑनलाइन विक्रेत्यांचे ढोबळमानाने चार प्रकार पडतात. विम्याची निकड प्रत्येकाच्या बाबतीत भिन्न आहे.

पहिला प्रकार स्वतः वस्तू बनविणाऱ्यांचा. साबण, लोणची, मेणबत्त्या, खेळणी घरी वा लहान कारखान्यात बनविणारी व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने उत्पादकच असते. उद्योगाचा आकार लहान असल्याने व्याख्या बदलत नाही. बंगळुरू-म्हैसूर मार्गावरील चन्नपट्टण हे गाव, महाराष्ट्रातील सावंतवाडीप्रमाणेच, लाखकामाच्या लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे. खेळण्यांवर आयएसआय चिन्ह अनिवार्य करणारा गुणवत्ता नियंत्रण आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला, तेव्हा नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना आणि भौगोलिक मानांकनप्राप्त खेळण्यांच्या अधिकृत उत्पादकांना त्यातून सूट देण्यात आली. ही सूट मानकचिन्हापुरती आहे. खेळण्याचा सुटा झालेला तुकडा बालकाच्या घशात अडकल्यास ग्राहक कायद्याखालील दायित्वातून ती कोणास मुक्त करीत नाही.

दुसरा प्रकार इतरांनी बनविलेल्या मालावर स्वतःचे नाव लावणाऱ्यांचा. घाऊक बाजारातून बिननावाचे चार्जर वा दिवे घ्यावयाचे, त्यांवर आपल्या ब्रँडचे लेबल चिकटवावयाचे आणि ऑनलाइन विकावयाचे, ही पद्धत नव्या विक्रेत्यांत प्रचलित आहे. दुसऱ्याने बनविलेल्या वस्तूवर आपले चिन्ह लावणारी व्यक्तीही 'उत्पादक' या व्याख्येत येते. एक लेबल लावताक्षणी विक्रेत्याचे कायदेशीर स्थान बदलते, याची अनेकांना कल्पना नसते.

तिसरा प्रकार आयातदारांचा आणि मूळ उत्पादक ठाऊक नसलेला माल विकणाऱ्यांचा. परदेशातील कारखान्यावर भारतीय आयोगाचा आदेश बजावता येत नसेल, तर जबाबदारी आपसूकच येथील विक्रेत्यावर येते.

चौथा प्रकार नामवंत भारतीय कंपनीचा सीलबंद माल जसाच्या तसा विकणाऱ्यांचा. त्याने स्वतंत्र हमी दिली नाही, सूचनापत्रक ग्राहकास पोहोचविले आणि खरेदीची पक्की बिले जपून ठेवली, तर त्याचा धोका तुलनेने मर्यादित राहतो.

तक्रार कोठे होते?

दायित्वाचा आवाका समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेता येईल. बंगळुरूतील एका विक्रेत्याने आपल्या नावाचा ६०० रुपयांचा दिवा कोल्हापूरच्या ग्राहकास पाठविला. दिव्यात ठिणगी पडून आग लागली आणि घरातील व्यक्ती भाजली. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो वा नोकरी-व्यवसाय करतो, तेथील जिल्हा आयोगाकडे दाद मागू शकतो. म्हणजे बंगळुरूच्या विक्रेत्यास कोल्हापूरच्या आयोगापुढे उत्तर द्यावे लागेल. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या 'ई-जागृती' व्यवस्थेमुळे तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. तक्रारीस कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.

आयोगाचे अधिकारक्षेत्र मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर वस्तूसाठी दिलेल्या किमतीवर ठरते. डिसेंबर २०२१ च्या नियमांनुसार ५० लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या वस्तूची तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते आणि ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्यास शुल्क लागत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही एप्रिल २०२५ मध्ये मोबदल्यावर आधारित ही व्यवस्था वैध ठरविली. साहजिकच ६०० रुपयांच्या वस्तूपायी लाखो रुपयांच्या भरपाईची तक्रार विनाशुल्क दाखल होऊ शकते. ग्राहकाच्या दृष्टीने ही स्वागतार्ह सोय आहे. विक्रेत्याच्या दृष्टीने मात्र वस्तूची किंमत आणि तिच्यामुळे येणारी जबाबदारी यांत कोणतेही प्रमाण नाही, हे तिच्यातून स्पष्ट होते.

बहुसंख्य नवे विक्रेते एकल मालकीचा व्यवसाय करतात. अशा व्यवसायात मालक आणि व्यवसाय कायद्याने वेगळे नसल्याने आयोगाचा आदेश मालकाच्या बचतीपर्यंत आणि घरापर्यंत पोहोचू शकतो. मर्यादित दायित्व भागीदारी किंवा एक व्यक्ती कंपनी स्थापन केल्यास वैयक्तिक मालमत्तेस काहीसे संरक्षण मिळते. व्यवसायाचे भांडवल मात्र तरीही धोक्यात राहते.

मंच वाचवील काय?

आपण मोठ्या कंपनीच्या मंचावरून विकतो, तेव्हा तीच काय ते पाहील, असा एक समज आढळतो. प्रत्यक्षात २३ जुलै २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी मंच आणि विक्रेता या दोघांची कर्तव्ये स्वतंत्रपणे निश्चित केली आहेत. वस्तूचे वर्णन आणि छायाचित्रे प्रत्यक्ष वस्तूशी जुळतात, असे हमीपत्र मंचाने विक्रेत्याकडून घ्यावयाचे असते. विक्रेत्याने तक्रार निवारण अधिकारी नेमावा, ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि एक महिन्यात तिचे निवारण करावे, असेही नियम सांगतात. याखेरीज विक्रेत्याच्या मालामुळे मंचावर दावा आल्यास त्याची भरपाई विक्रेत्याने करावी, असे कलम मंचांच्या करारांत सामान्यतः असते. न वाचता 'मान्य' म्हटलेल्या करारातून अशा रीतीने दुहेरी जबाबदारी अंगावर येऊ शकते.

मंचही जबाबदारीतून सर्वस्वी सुटत नाहीत, हे २०२२ मधील प्रेशर कुकर प्रकरणातून दिसून आले. घरगुती प्रेशर कुकरसाठी मानकचिन्ह १ फेब्रुवारी २०२१ पासून अनिवार्य झाले होते. त्यानंतरही मानकबाह्य कुकर मंचांवरून विकले गेल्याचे आढळल्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑगस्ट २०२२ मध्ये अ‍ॅमेझॉनला २,२६५ आणि फ्लिपकार्टला ५९८ कुकरच्या संदर्भात, ग्राहकांना सूचित करून कुकर परत घेण्याचे व पैसे परत करण्याचे आदेश दिले आणि प्रत्येकी १ लाख रुपये दंड ठोठावला. हे आदेश पुढे दिल्ली उच्च न्यायालयात नेण्यात आले. प्रत्येक विक्रीवर शुल्क घेणारा मंच त्या विक्रीपासून अलिप्त राहू शकत नाही, अशी प्राधिकरणाची भूमिका होती. मंचावर असा भार आला की तो करारानुसार विक्रेत्याकडे सरकविला जाण्याची शक्यता असते, हे नव्या विक्रेत्याने विसरू नये.

विमा काय देतो?

उत्पादन दायित्व विम्यात, वस्तू विमाधारकाच्या ताब्यातून गेल्यानंतर तिच्यातील दोषामुळे त्रयस्थ व्यक्तीस झालेली इजा वा तिच्या मालमत्तेची हानी यांबद्दल कायद्याने द्यावी लागणारी भरपाई विमा कंपनी देते. कंपनीच्या संमतीने केलेला वकिलाचा व दाव्याचा खर्चही मिळतो. बहुतेक विमापत्रांत तो एकूण मर्यादेतच धरला जातो. मर्यादा दोन असतात: एका अपघातासाठीची आणि संपूर्ण वर्षासाठीची. प्रत्येक दाव्यातील काही रक्कम विमाधारकाने स्वतः सोसावयाची असते. हप्ता ठरविताना वस्तूचे स्वरूप, वार्षिक उलाढाल, विक्रीचा प्रदेश आणि मागितलेली मर्यादा या बाबी पाहिल्या जातात. त्यामुळे सुती पिशव्या विकणाऱ्याचा आणि बॅटरीवरील उपकरणे विकणाऱ्याचा हप्ता सारखा नसतो. सार्वजनिक क्षेत्रातील विमा कंपन्यांसह अनेक खासगी कंपन्या हा विमा देतात.

हा विमा सहसा 'दावा ज्या काळात आला त्या काळाचा' असतो. वस्तू विकली तेव्हा विमा होता, पण दावा आला तेव्हा तो खंडित झालेला होता, तर भरपाई मिळत नाही. विमापत्रात एक पूर्वलक्षी दिनांकही नमूद असतो आणि त्यापूर्वीच्या घटना वगळलेल्या असतात. विकलेला माल लोकांच्या घरांत वर्षानुवर्षे राहतो. म्हणून दरवर्षी नूतनीकरण करताना तो दिनांक कायम ठेवून घेणे आणि व्यवसाय बंद केल्यावरही काही काळ संरक्षण चालू ठेवणे हिताचे ठरते. विमा कायदा, १९३८ नुसार हप्ता आगाऊ मिळाल्याखेरीज कंपनी जोखीम स्वीकारू शकत नाही, हेही लक्षात असावे.

विमा काय देत नाही?

सदोष वस्तू बदलून देण्याचा वा दुरुस्तीचा खर्च, बाजारातून माल परत मागविण्याचा खर्च, दंड, ठाऊक असलेला दोष लपवून केलेली विक्री आणि नियमांचे हेतुपुरस्सर उल्लंघन या बाबी सामान्यतः वगळलेल्या असतात. माल परत मागविण्यासाठी वेगळे विमापत्र घ्यावे लागते. करारान्वये स्वीकारलेली जादा जबाबदारीही सहसा वगळलेली असते. म्हणून मंचाशी केलेल्या करारातील भरपाईचे कलम विमा कंपनीस दाखवून त्याबाबत लेखी खुलासा घ्यावा. बनावट वा भेसळयुक्त मालामुळे गंभीर दुखापत झाल्यास ग्राहक संरक्षण कायद्यात सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. त्यापासून कोणतेही विमापत्र वाचवू शकत नाही.

दुकानाचा वा गोदामाचा आगविमा हा याला पर्याय नव्हे. १ एप्रिल २०२१ पासून ५ कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेसाठी उपलब्ध झालेली 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही योजना उपयुक्त आहे, पण ती विक्रेत्याच्या स्वतःच्या मालमत्तेचे रक्षण करते. ग्राहकाच्या घरातील हानी तिच्या कक्षेत येत नाही.

निर्यातदारांसाठी वेगळा विचार

परदेशी ग्राहकांस माल पाठविणाऱ्यांच्या बाबतीत चित्र बदलते. अमेरिकेतील अ‍ॅमेझॉनच्या मंचावर एका महिन्याची विक्री १० हजार डॉलरच्या वर गेल्यास विक्रेत्याने किमान १० लाख डॉलरचा दायित्व विमा घ्यावा, ही अट सप्टेंबर २०२१ पासून कसोशीने लागू करण्यात आली. येथे कायद्याची नसली तरी कराराची सक्ती आहे. लॅपटॉपची बॅटरी फुटून ग्राहक भाजल्याच्या प्रकरणात, विक्रेती कंपनी हाँगकाँगची असताना, कॅलिफोर्नियातील अपील न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये मंचालाही जबाबदार धरता येईल असा निर्णय दिला होता. युरोपीय महासंघाने २०२४ मध्ये उत्पादन दायित्वाचे नवे निर्देश संमत केले असून ९ डिसेंबर २०२६ नंतर बाजारात येणाऱ्या वस्तूंना ते लागू करण्याचे ठरविले आहे. उत्पादक महासंघाबाहेरचा असल्यास आयातदार आणि साठवण-वितरण करणाऱ्या संस्था यांनाही त्यांत जबाबदार धरले आहे. स्वाभाविकच तेथील खरेदीदार भारतीय विक्रेत्याकडे विम्याची मागणी करतील. भारतातील पुष्कळ विमापत्रांत अमेरिका व कॅनडा वगळलेले असतात. तेव्हा प्रदेश आणि न्यायक्षेत्र यांविषयीचे कलम प्रथम वाचावे.

निर्णय कसा घ्यावा?

नव्या विक्रेत्याने चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत. वस्तू शरीरात जाते, अंगाला लागते, विजेवर चालते, तापते किंवा लहान मुलांच्या हाती पडते काय? वस्तूवर नाव कोणाचे आहे? मूळ उत्पादक भारतात असून त्याचा पक्का पत्ता आणि बिले आपल्याकडे आहेत काय? आणि मोठी भरपाई द्यावी लागल्यास ती कोठून देणार? पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'होय' आणि वस्तूवरील नाव स्वतःचे असेल, किंवा उत्पादक हाती लागण्यासारखा नसेल, तर विक्री सुरू करण्यापूर्वीच विमा घेणे शहाणपणाचे आहे. अशा विक्रेत्याने विम्याचा हप्ता वस्तूच्या उत्पादन खर्चातच धरावा. नामवंत कंपनीचा सीलबंद माल विकणाऱ्याने प्रथम त्या कंपनीकडे तिच्या विमापत्रात विक्रेत्यांचा समावेश आहे काय, याची विचारणा करावी. तसा समावेश लेखी मिळाल्यास स्वतंत्र विम्याची निकड बरीच कमी होते. कापडी पिशव्या, वह्या यांसारख्या निर्धोक वस्तूंचा विक्रेता हा निर्णय उलाढाल वाढेपर्यंत पुढे ढकलू शकतो.

तथापि विमा ही शेवटची तटबंदी होय. तिच्या आधी मानकचिन्ह, खाद्यपदार्थांसाठी अन्नसुरक्षा नोंदणी, सौंदर्यप्रसाधनांसाठी उत्पादन परवाना, ग्राहकास समजेल अशा भाषेत छापलेल्या सूचना आणि प्रत्येक खेपेची नोंद या गोष्टी येतात. कोणता माल कोणत्या खेपेतील आणि कोणास विकला, याची नोंद ठेवणारा विक्रेता दोष आढळताच उरलेली विक्री थांबवू शकतो. आयोगापुढेही ही नोंद त्याचा आधार बनते. विमा घेताना वस्तूविषयीची माहिती मात्र प्रामाणिकपणे द्यावी, कारण लपविलेली बाब उघड झाल्यास दावा नाकारला जातो. दाव्याबाबत विमा कंपनीशी वाद झाल्यास एकल मालक आणि सूक्ष्म उद्योग यांना विमा लोकपालाकडे दाद मागता येते. बंगळुरूमध्ये लोकपालाचे कार्यालय आहे.

या संदर्भात सामूहिक प्रयत्नांनाही वाव आहे. एकेकट्या कारागिरास विमापत्रातील अटी समजून घेणे आणि हप्ता भरणे जड जाते. परंतु बचत गटांचे महासंघ, कारागिरांच्या सहकारी संस्था, उद्योगसमूह आणि ऑनलाइन मंच यांनी एकत्रित विमापत्राची मागणी केल्यास अटी सुटसुटीत होऊ शकतील. लहान उद्योगांच्या मालमत्तेसाठी जशी प्रमाणित व सोपी योजना आली, तशीच उत्पादन दायित्वासाठीही आल्यास तिचा लाभ चन्नपट्टण आणि सावंतवाडी या दोन्ही ठिकाणच्या कारागिरांना मिळेल.

ऑनलाइन व्यापारात ग्राहक विक्रेत्याचा चेहरा पाहत नाही; छायाचित्र आणि वर्णन यांवर विश्वास ठेवून तो वस्तू घरात आणतो. त्या वस्तूमुळे हानी झाल्यास जखमी ग्राहकास भरपाई मिळावी आणि ती देताना कष्टाने उभे केलेले एखादे कुटुंब उद्ध्वस्त होऊ नये, या दोन्ही गोष्टी समाजाच्या हिताच्या आहेत. उत्पादन दायित्व विमा त्या दोहोंची सोय करतो. नव्या विक्रेत्याने पहिली वस्तू रवाना करण्यापूर्वी त्याचा विचार करावा, हेच उचित होय.